ओळखीचा तुकडा

१

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून पुरुष घरी यायच्या आत फरहानाची बिर्याणी दमावर बसलेली असायची आणि ती स्वतः शिलाई मशीनवर. रियाधच्या अल मलाझमधल्या त्या जुन्या इमारतीत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. इमारतीतल्या निम्म्या बायकांचे अबाये तिच्या हाताखालून गेले होते. फरहाना डावखुरी. तिच्या हातचा टाका जगाच्या उलट्या बाजूला कलायचा. मशीन काय कुणीही चालवतं, हातशिलाई बघावी तर फरहानाची, असं बायका म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी, मनातून मात्र फुलून येई.

घरात नवरा जमालुद्दीन. तो सनाइयात, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता. एकुलता एक मुलगा झयान हफ्र अल बातिनला एसी दुरुस्तीच्या कामावर, दर गुरुवारी संध्याकाळी घरी येणारा. आणि चौथा हम्माद, जमालुद्दीनच्या मेलेल्या भावाचा मुलगा. आईही गेल्यावर चाचाने व्हिसा काढून त्याला आणलं आणि आपल्याच वर्कशॉपमध्ये चिकटवलं. तो हॉलमध्ये झोपायचा. हम्मादला आपण कधी उपाशी ठेवलं नाही, असं फरहाना कुणी विचारलेलं नसताना सांगायची. ते खरंही होतं. रस्सा दोघांना सारखाच, मटणाचे तुकडे झयानच्या पानात. नवीन शर्ट झयानला, जुना झाला की हम्मादला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काही फरहानाने शोधून काढलेलं नव्हतं. दानधर्मात आपण कमी नाही याचा तिला अभिमान होता. गावी दरवर्षी कार्टन जायचं, त्यात दुधाची पावडर, साबण, टायगर बाम, वापरलेले कपडे, आणि त्याचं बोलणं पुढच्या कार्टनपर्यंत पुरायचं.

त्या वर्षी जमालुद्दीनला आगळंच काम मिळालं. शहराच्या उत्तरेला एक धनाढ्य म्हातारा आपल्या वाड्याशेजारी खासगी संग्रहालय उभारत होता. त्याला एका जुन्या लढाऊ शिडाच्या बोटीची प्रतिकृती हवी होती. खेळणं नव्हे, पुरुषभर लांबीची, आतल्या कप्प्यांसकट. जमालुद्दीनच्या बापजाद्यांनी जयगडच्या खाडीत मचवे बांधलेले. बोटीचा कणा आडवा ठेवला तसा त्याच्या हातांना जुना सूर सापडला. म्हाताऱ्याच्या वतीने सगळं बघणारा हर्षवर्धन पुण्याचा, गप्पिष्ट, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. नकाशे तोच घेऊन आला, आणि शिडं कोण शिवणार, असं त्याने विचारल्यावर जमालुद्दीनने बायकोकडे बोट दाखवलं.

फरहानाचं माहेर शिडं शिवणाऱ्यांचं. तिथे एक रीत होती. शीड पुरं झालं की खालच्या कोपऱ्याची घडी मिटण्याआधी तिच्यात बोटीवर जाणाऱ्या माणसाच्या कपड्याचा नखाएवढा तुकडा घालायचा. त्याला ओळखीचा तुकडा म्हणत. वारा कुठलाही असो, शीड आपल्या माणसाला ओळखतं आणि आणून सोडतं. अट एकच होती, ज्याचा तुकडा तो बोटीवर हवा. नसलेल्याचा घालू नये. का, ते तिच्या आईने सांगितलं नव्हतं, आणि विचारायची माहेरी पद्धत नव्हती.

मोठ्या शिडाची घडी मिटताना कोपरा रिकामा लागला म्हणून तिचा हात अडला. चिंध्यांच्या टोपलीत झयानचा शाळेतला पांढरा शर्ट वर पडलेला होता. खेळातल्या बोटीला कसली आली रीत, असं मनात म्हणेपर्यंत कात्री चाललीसुद्धा होती.

२

बोट काचेत जाऊन महिना झाला नसेल, हर्षवर्धन शिडांची गुंडाळी घेऊन दारात. मालकांना बोटीची सगळी कारकीर्द दाखवायची होती, आधी कोरी करकरीत, मग कामावर रुळलेली, मग शेवटच्या सफरीतली. म्हणून मधूनमधून शिडं उतरवायची, दुरुस्त करायची, चढवायची. चहा घेता घेता त्याने बोटीचं चरित्र सांगायला घेतलं. नाव प्रुडन्स. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, कंपनी सरकारची, चौदा तोफांची. आकाराने एवढीशी, पण आखातात तिचं शीड दिसलं की किनाऱ्यावरची गावं चुली विझवून पळत. तो हे सांगताना रंगात आला होता. जमालुद्दीनच्या तोंडी तिचं नाव फुर्दान झालं होतं, आणि पुढे घरात तेच चाललं.

तो गेल्यावर फरहानाने गुंडाळी उलगडली आणि तिचं डोकंच फिरलं. तिने दिलेलं पांढरंशुभ्र मलमलीचं कापड पिवळं पडलं होतं. घड्यांमधून कडक झालं होतं. जुनाट दिसावं म्हणून कुणीतरी चहात बुडवलं असणार, आणि तेही अडाण्यासारखं. दुसऱ्याच्या हातच्या कामाची कुणाला कदर आहे का, असं ती मोठ्याने बोलली. हॉलमध्ये हम्माद पंख्याखाली पडला होता, त्याला वाटलं आपल्यालाच.

कापड झटकल्यावर काळ्या टेबलावर पांढरी भुकटी पडली. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ होतं. स्वयंपाकघरातलं नव्हे. खाडीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर ओठांवर बसतं ते, जरा कडवट. रियाधपासून समुद्र चार-पाच तासांवर. फरहानाने खिडकी लावून घेतली. मग तिने स्वतःची समजूत घातली की हल्ली सगळं विकत मिळतं, समुद्राचं मीठसुद्धा, आणि पैसेवाल्यांना काय कमी. समजूत चांगली होती. तिने शिडं धुऊन वाळत घातली. रियाधच्या उन्हात चादर अर्ध्या तासात कडकडीत होते, पण ती शिडं सूर्य बुडून मगरिबची बांग झाली तरी दमटच राहिली.

३

दुसऱ्यांदा शिडं आली तेव्हा त्यांना ठिगळं होती.

मोठ्या शिडाला मधोमध उभी चीर गेलेली, आणि ती कुणीतरी आतून पट्टी लावून शिवलेली. काम घाईचं, पण पक्कं. फरहाना ते कौतुकाने बघत राहिली, आणि मग तिने कापड उजेडात धरलं. टाके डावीकडे कललेले होते. दर चौथ्या टाक्यानंतर एक मागे घेतलेला होता. ही तिच्या बापाची सवय, बापाकडून तिच्यात आलेली. या जगात तो टाका घालणारा तिच्याशिवाय दुसरा कुणी उरलेला नव्हता.

आपणच शिवलं असेल. मागच्या खेपेला, दुपारी, अर्धवट झोपेत. चाळिशी उलटली की बायका गॅस बंद करायला विसरतात, मग एक ठिगळ विसरली तर काय झालं. पण चीरच नव्हती तर ठिगळ कशाला घातलं असेल? खालचा कोपरा तिने चाचपला. तुकडा जागच्या जागी होता, मात्र घडीतून फुगून वर आलेला.

गुरुवारी झयान आला. एरवी आल्या आल्या मोबाइल घेऊन लोळणारा पोरगा, तो भिंतीला धरून आत आला आणि जमीन हलते का असं विचारू लागला. मग स्वतःच हसला. त्याच्या अंगाला डांबराचा वास येत होता. फरहानाने ताट पुढे ठेवलं तेव्हा तिला त्याचे तळवे दिसले. दोन्ही हातांवर आडवे सोललेले पट्टे, दोर सरसरून गेल्यावर उठतात तसे. तिच्या बापाचे हात असेच असायचे.

तिने विचारलं. तो हिंदीतून म्हणाला की एसीचं युनिट दोराने गच्चीवर चढवलं. बरोबर आहे, चढवतात. मग झोप लागत नाही म्हणाला. कामगारांच्या कॅम्पात कुणीतरी भलत्याच वेळी शिटी वाजवतं, लांबलचक, टोकाला वर जाणारी, आणि ती ऐकली की झोपेतसुद्धा उठून उभं राहावं लागतं.

"राहावं लागतं म्हणजे?"

"पता नहीं मम्मी. पाय आपोआप उठतात."

हम्माद समोरच जेवत होता. झयानला रजा काढायला सांगा, असं तो हळूच म्हणाला. फरहानाने त्याला आपल्या पानात बघून जेवायला सांगितलं.

४

शिडं परत चढवताना कोपरे नीट बसत नाहीत, अशी थाप मारून ती जमालुद्दीनबरोबर संग्रहालयात गेली. वाळूच्या रंगाची नवी इमारत, आत गारवा आणि रंगाचा वास. मधल्या दालनात काचेच्या पेटीत बोट. एक बाजू उघडून ठेवली होती, कामासाठी.

बायकोला आपलं काम दाखवायला जमालुद्दीन उत्साहाने पुढे झाला, आणि मध्येच थांबला. डेकवर मधोमध एक लाकडी जाळी असते, आतल्या कप्प्यांना उजेड-वारा मिळावा म्हणून आडवी बसवलेली. ती आडवी नव्हती. कुणीतरी काढून कठड्याला टेकवून उभी केली होती, चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधून.

"हे मी उभं नाय केलं," जमालुद्दीन म्हणाला.

हर्षवर्धन मात्र खूश झाला. कामगारांपैकी कुणी अभ्यासू निघाला म्हणायचा. त्याने चष्मा कपाळावर चढवला. जाळी अशी उभी करत ती फटक्यांसाठी. माणसाला पालथा बांधायचा, सगळ्यांना शिटीवर डेकवर गोळा करायचं आणि एकाने मोठ्याने मोजायचं. फुर्दानवरचे अर्धे खलाशी कोकणातले, धरून आणलेले. किनारा दिसला की उड्या टाकून पळत. कप्तान त्यांच्या गावात जाऊन, घरातून, जेवत्या ताटावरून उचलून आणायचा.

"म्हणजे आमचं हुरूबच," जमालुद्दीन म्हणाला. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, पळालेल्या कामगाराची तक्रार नोंदवतो, त्याला इथे हुरूब म्हणतात. ज्याच्यावर तो शिक्का बसला तो ना इथला ना तिथला. दोघं हसले.

"त्याहून भारी," हर्षवर्धन म्हणाला. "एकदा बोटीचा झालेला माणूस बोटीचाच. पळून परत आणलेल्याला दुप्पट फटके. आणि शेवटच्या सफरीआधी तर कप्तानाने एकूण एक पळालेला गोळा केला. तांबड्या समुद्रात बोट बुडाली ना भाभी, त्या दिवशी तिच्यावर एकही माणूस कमी नव्हता."

फरहानाने काचेच्या उघड्या बाजूने डोकं आत घातलं. आतून गार, ओला वारा आला. खालच्या कप्प्यात जमालुद्दीनने पिटुकल्या कापडी झोळ्या टांगल्या होत्या, खलाशांच्या झोपायच्या. झोळ्या रिकाम्या होत्या, पण तळाशी खाली ओढलेल्या होत्या, काहीतरी निजून गेल्यासारख्या. सगळ्यांत टोकाची तेवढी सपाट होती.

एसीचा वारा असेल. जिथे तिथे एसी. पण बाकीच्या हलत होत्या, एकाच लयीत, आणि सपाट झोळी तेवढी स्थिर होती.

५

पुढच्या शुक्रवारी झयान अंघोळीहून बाहेर आला आणि टॉवेल खांद्यावरून घसरला. फरहानाच्या हातातली चिमट्याने धरलेली पोळी तव्यावर तशीच करपली.

पाठभर वळ होते. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे, ओले. खांद्यापासून कंबरेपर्यंत एकाखाली एक, माप घेऊन मारल्यासारखे.

कॅम्पातली गादी खराब आहे, त्याने ओरडून सांगितलं, ढेकूण आहेत, डॉक्टरला दाखवलंय, आय एम फाइन. त्याने पाठ भिंतीला लावली. ढेकणांनी वळ उठत नाहीत हे त्यालाही कळत होतं, आणि आईला कळलंय हेही. ती त्याला जवळ घ्यायला गेली तर तो कळवळला. फरहानाला रडू आलं नाही. संतापच आला, कुणाचा ते न कळता. नऊ महिने पोटात वाढवलेलं अंग कुणीतरी तिला न विचारता फोडून काढत होतं.

मग तिला आपली कात्री आठवली.

शेवटची दुरुस्ती म्हणून शिडं आली त्या दुपारी तिने दार लावून घेतलं, मोठ्या शिडाचा कोपरा उसवला आणि तुकडा बाहेर काढला. तो गरम होता. तिने गॅसवर धरून जाळला. लगेच झयानला फोन लावला. तो झोपेतून उठला होता, आवाज ताजा. कैक दिवसांनी झोपलो म्हणाला. शिटी बंद झाली. फरहानाने फोन छातीशी धरला आणि दोन रकात शुकराना नमाज पढली.

नमाज संपवून सलाम फेरताना तिला शिटी ऐकू आली. लांबलचक, टोकाला वर जाणारी. स्वयंपाकघरात.

कुकर नव्हता. किटली रिकामी होती. ती स्वयंपाकघरात गेली तर शिटी हॉलमध्ये, हॉलमध्ये आली तर झयानच्या खोलीत. तिथे कपाटाचं दार उघडं होतं आणि हँगर एकाच लयीत हलत होते, डावीकडे, उजवीकडे. कुणीतरी त्याच्या कपड्यांतून हात फिरवून गेलं होतं. पलंगावरून लोंबणारी चादर वर उचललेली. फरशीवर पलंगाभोवती एक ओला पट्टा, मिठाचा.

टेबलावर शिडाचा कोपरा उघडा पडला होता. एक माणूस कमी होता, आणि कप्तान घराघरात शिरून माणूस आणायचा. फरहानाला आता कुणी समजवायची गरज उरली नव्हती. कोपरा रिकामा ठेवून चालणार नव्हता.

६

ती हॉलमध्ये आली. हम्मादची गुंडाळलेली गादी भिंतीशी होती.

विचार करायला वेळ लागला असं म्हणणं खोटं होईल. आई नाही, बाप नाही, मागे रडणारं कुणी नाही. आपण त्याला आणलं नसतं तर गावी तरी काय झालं असतं त्याचं. मचव्यावरच गेला असता, समुद्रावरच. हे शेवटचं तर तिला फारच पटलं.

त्याच्या वाटणीला जोड्यांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे होते. तिने त्यातले शर्ट काढले, आणि तिचे हात थबकले. हा झयानचा. हाही झयानचा. टीशर्ट झयानचा, पायजमा झयानचा, बनियनसुद्धा. पोराच्या अंगावर स्वतःचा असा एक धागा नव्हता. फरहानाला त्याच्याबद्दल काही वाटलं नाही. चीड मात्र आली, हवा तेव्हा एक तुकडा मिळू नये.

सगळ्यांत तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला एक लहानसा शर्ट निघाला. निळ्या चौकड्यांचा, सहा-सात वर्षांच्या पोराच्या मापाचा. बटणं वेगवेगळ्या जातीची, जाड्या दोऱ्याने, गावठी हाताने लावलेली. आईच्या हातचा असणार. म्हणून तर जपलाय. फरहानाने आतल्या शिवणीतून नखाएवढा तुकडा कापला आणि घडी होती तशी घातली.

टाका घालताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. गाठ मारल्याबरोबर घर शांत झालं. फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हम्मादच्या पानात नळी वाढली, मटणातली सगळ्यांत मोठी. तो बघतच राहिला. झयानला ठेवा म्हणाला. खा रे, तुझंच घर हाय, असं फरहाना म्हणाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसलं, आणि आपलं काम झालं म्हणून तिला बरंच वाटलं.

७

झयान बरा झाला. वळ सुकले, खपल्या पडल्या, पोरगा पुन्हा मोबाइल घेऊन लोळू लागला. फरहाना आता हम्मादवर नजर ठेवून होती. पाणी देताना त्याचे तळवे बघायची. तो शर्ट बदलताना काहीतरी निमित्त काढून हॉलमधून जायची. पाठ गुळगुळीत, हात साफ. झोप लागते का, असं विचारलं तर तो लाजून हो म्हणायचा. चाचीची माया उशिरा का होईना आली, असं तो फोनवर गावी सांगत होता म्हणे. ती मनात दिवस ढकलत होती. कधीकधी तिला वाटे, किती वेळ लावतात.

संग्रहालयाच्या उद्घाटनाला जमालुद्दीनला कुटुंबासकट बोलावणं होतं. शुक्रवार, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर. झयानने गाडी चालवली. नवीन पांढरा शर्ट, सेंट मारलेला, रस्ताभर बापाची थट्टा करत होता. दालनात गावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर फिरत होते. बोटीवर शेवटच्या सफरीची शिडं त्याच सकाळी चढवली होती, आणि काचेची पेटी आता चारी बाजूंनी कायमची बंद केली होती. जाळी अजून उभीच होती.

झयान काचेशी जाऊन वाकून बघू लागला. फरहाना जरा मागे, हम्मादशेजारी उभी राहिली. होणार ते बहुधा आज, इथेच, आणि शेवटच्या क्षणी पोराजवळ कुणीतरी असावं, एवढी ती आता उदार झाली होती.

"चाची," हम्माद हळू आवाजात म्हणाला, "माझ्या पिशवीतला शर्ट कुणी कापला?"

ती तयार होती. ठिगळाला लागला घाईत, तिने सांगितलं. तुझ्या आईच्या हातचा हे नंतर लक्षात आलं, वाईट वाटलं.

"आईच्या हातचा?" त्याला हसू आलं. "नाय चाची. तुमचाच तो. मी लहान असताना तुम्ही कार्टन पाठवलात ना, त्यात होता. झयानचा. आईने फक्त बटणं लावली. रियाधहून चाचीने माझ्यासाठी पाठवलेला म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाय. कापलात तर काय झालं, तुमचाच हाय."

फरहानाला तो शर्ट आठवला. बथाच्या बाजारातून ईदला घेतलेला, निळ्या चौकड्यांचा. झयान त्यात शाळेच्या फोटोत उभा होता. आधी तिने शिडातून त्याचा तुकडा काढला होता, म्हणजे बोटीच्या लेखी तो पळाला होता. आणि मग तिनेच परत आणून दिला होता.

समोर हर्षवर्धन माइकवर पाहुण्यांना बोटीची कारकीर्द सांगत होता. माइकमधून शिटी निघाली, लांबलचक, टोकाला वर जाणारी. पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले, कुणीतरी हसलं. काचेपाशी वाकलेला झयान ताठ उभा राहिला. आपोआप, दोन्ही पाय जुळवून. फरहाना गर्दीतून पुढे घुसली. तीन-चार पायघोळ थोब घातलेले पाहुणे आणि एक ट्रे, एवढंच दोघांच्या मध्ये होतं. ती पोचली तेव्हा काचेवर त्याच्या श्वासाचं वर्तुळ होतं आणि फरशीवर सँडल, ओले.

वर्तुळ विरलं. त्याच्या मागे, डेकवर, जाळीशी काहीतरी पांढरं होतं. शर्टासारखं. ते वरून खाली फाटत गेलं.

८

पोलिसांनी कॅमेरे तपासले. त्यात झयान आत येताना दिसतो, त्यानंतर शिटीच्या वेळी चित्र पांढरं होतं. हफ्र अल बातिनच्या कंपनीने रीतसर हुरूब नोंदवलं. कागदोपत्री तो पळालेला आहे. काच फोडून द्या म्हणून फरहानाने हर्षवर्धनचे पाय धरले. तो बिचारा गोंधळला. मालक परवानगी देणार नाहीत भाभी, म्हणाला, आणि शिडात काय ठेवलंय ते तरी सांगा. ते तिला कुणाला सांगता आलं नाही, जमालुद्दीनलाही नाही.

हम्माद आता झयानच्या खोलीत झोपतो. जमालुद्दीननेच सांगितलं. कपाट भरलेलं आहे, शर्ट नवे आहेत, पडून खराब होण्यापेक्षा घाल म्हणाला. पाठमोरा असला की फरहाना दर वेळी फसते. तिचं सगळं तोच करतो, औषध, पाणी, फोन. दर शुक्रवारी असरनंतर तिला संग्रहालयात नेतो आणि खुर्ची आणून देतो. पहारेकऱ्याला त्यांची सवय झाली आहे.

ती काचेला कान लावून बसते. जाळी उभी आहे. झोळ्या एकाच लयीत हलतात, आणि टोकाचीही आता खाली ओढलेली आहे. बाकी डोळ्यांना काही दिसत नाही. आतून एक आवाज येतो तेवढा, संथ, कंटाळलेला, मोजणाऱ्याचा. प्रत्येक आकड्यानंतर थोडा थांबतो.

दालन बंद व्हायची वेळ झाली की हम्माद खांद्यावर हात ठेवतो.

"चला चाची. खलास. पुढच्या शुक्रवारी परत येऊ."

"थांब," ती म्हणते. "अजून संपले नायत."